म्युझिकल थिएटरचा समर कॅम्प: एफडी मोडण्याआधी थोडं वाचा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

तुमच्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या हायस्कूलच्या मुलांसाठी असलेल्या समर प्रोग्राम्सवर लेख आला होता. त्यात शेवटी म्युझिकल थिएटरचा, म्हणजे गाणं, नाच आणि अभिनय तिन्ही एकत्र शिकवणाऱ्या कॅम्पचा उल्लेख होता आणि नावं सगळी मोठी मोठी होती. लेख छानच होता, तक्रार नाही. पण तो छापून आल्यावर दुसऱ्याच दिवशी कोथरूडहून माझ्या सासऱ्यांचा फोन, की नातीचं नाव यातल्या एका ठिकाणी घालून टाक, पैशाची काळजी करू नकोस, मी एक एफडी मोडतो. बाबांना फोनवर धड सगळं सांगता आलं नाही, आणि एफडी मोडायला निघालेले असे आजी-आजोबा तुमच्या वाचकांत बरेच असणार, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगी अकरावीत आहे, शाळेच्या नाटकात दरवर्षी असते. इथल्या हायस्कूलमध्ये वसंतात एक मोठं म्युझिकल बसवतात, पोरं त्यात तीन महिने अक्षरशः बुडालेली असतात, आणि जूनमध्ये शाळा सुटली की एकदम मोकळी. मग दर घरात तोच प्रश्न, आता अडीच महिने काय करायचं, आणि पोरीला हे खरंच पुढे करायचं असेल तर कुठे पाठवायचं.

आधी पैशाचं बोलते. मिशिगनमधलं इंटरलॉकन १९२८ पासून चालू आहे, जंगल, तळी, दिवसभर संगीत-नाटक-नाच, जागा उत्तम यात वाद नाही, पण सहा आठवडे ठेवायचं तर आकडा पाच आकडी डॉलरमध्ये जातो. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनचा हायस्कूलच्या मुलांसाठीचा ड्रामा प्रोग्राम त्याच रांगेतला. (नाटकाची डिग्री अमेरिकेत सगळ्यात आधी त्यांनीच सुरू केली, १९१४ साली, त्यामुळे नाव मोठं असणारच.) न्यूयॉर्क राज्यात कॅट्सकिलच्या डोंगरात स्टेजडोर मॅनर आहे, १९७५ पासून, नॅटली पोर्टमन आणि रॉबर्ट डाऊनी ज्युनियर लहानपणी तिथले. तिथे तीन तीन आठवड्यांची सेशन्स असतात आणि प्रत्येक मुलाला कुठल्या ना कुठल्या नाटकात काम मिळतंच, फी अर्थातच तशीच. आता दहा हजार डॉलर म्हणजे आजच्या भावाने साडेआठ लाखाच्या वर जातात, आणि यात विमानाचं तिकीट, अंथरूण-पांघरूण, जॅझ नाचाचे बूट, टॅप नाचाचे बूट, ऑडिशनला द्यायचे चेहऱ्याचे फोटो हे काहीच धरलेलं नाही.

एवढे पैसे देऊन मिळतं काय, तर शिकायला मिळतं, नाही असं नाही. पण आपल्या लोकांच्या डोक्यात जे असतं की त्या कॉलेजच्या समरला गेली म्हणजे त्या कॉलेजात ॲडमिशनला वजन पडेल, तिथे माझं स्पष्ट मत आहे की त्यासाठी एक डॉलर पण घालू नका. म्युझिकल थिएटरची डिग्री म्हणजे बीएफए, त्यासाठी मुलं आधी व्हिडिओ पाठवतात, त्याला प्रीस्क्रीन म्हणतात, त्यातून पुढे गेली की प्रत्यक्ष ऑडिशन. नावाजलेल्या ठिकाणी ढीगभर अर्जांतून वीस-पंचवीस मुलं घेतात, आणि ती घेताना समोरचं मूल आज कसं गातं, कसं बोलतं, कसं हलतं हेच बघतात. समरला आलेल्यांसाठी सीट बाजूला काढून ठेवलेली नसते. मोठ्या कॉलेजच्या समरचा खरा उपयोग एवढाच की पोराला कळतं दिवसाचे दहा तास हेच करायचं आपल्याला झेपतं का आणि आवडतं का. हे कळणं मोलाचंच आहे, पण ते घराजवळ शंभर पटीने स्वस्तात पण कळतं.

आणि अजून एक, कॉलेजच्या नावाने चालणारे सगळे प्रोग्राम त्या कॉलेजचे नसतात. उन्हाळ्यात कॅम्पस रिकामं पडलेलं असतं, ते लग्नाच्या हॉलसारखं भाड्याने मिळतं, बाहेरची कंपनी येते, होस्टेलच्या खोल्या घेते, ब्रोशरवर इमारतीचा फोटो छापते, आणि शिकवायला त्या ड्रामा डिपार्टमेंटचा एकही माणूस नसतो. यात बेकायदेशीर काही नाही, काही कंपन्या चांगलं शिकवतात सुद्धा, पण मग नावाचे पैसे कशाला द्यायचे. सरळ ईमेल करून विचारायचं की शिकवणारे कोण, वर्षभर ते कुठे शिकवतात, एका वर्गात मुलं किती, एकट्याने गाण्याचा धडा आठवड्यात किती वेळा. उत्तर गोलमोल आलं तर समजून जायचं.

पत्रांचं पण असंच. घरी जाड कागदावर सोनेरी अक्षरात पत्र येतं, अभिनंदन, तुमच्या मुलीचं नामांकन झालंय म्हणून. आमच्याकडे पण आलं होतं एक, नाव लिहीत नाही. नामांकन कोणी केलं विचारलं तर उत्तर नाही, पण डिपॉझिट कधीपर्यंत भरायचं ते मात्र ठळक अक्षरात. अशी पत्रं यादी विकत घेऊन सरसकट पाठवतात, कृपा करून ती फ्रेम करून भिंतीवर लावू नका आणि भारतात फोन करून तर मुळीच सांगू नका, कारण तिथून एफडीचा विषय सुरू होतो.

आता स्वस्त कुठे मिळतं. सगळ्यात चांगली आणि आपल्या लोकांना सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे काही राज्यांचे सरकारी समर प्रोग्राम, ज्यांना गव्हर्नर्स स्कूल वगैरे म्हणतात. केंटकीत १९८७ पासून गव्हर्नर्स स्कूल फॉर द आर्ट्स आहे, तीन आठवडे, राहणं-खाणं-शिकणं सगळं फुकट, आणि त्यात म्युझिकल थिएटर हा वेगळा विभाग आहे, नाटकाचा वेगळा, गाण्याचा वेगळा. अट एकच, मूल केंटकीतलं पाहिजे आणि दहावी-अकरावीत पाहिजे, निवड ऑडिशनने. जॉर्जियात गव्हर्नर्स ऑनर्स प्रोग्राम १९६४ पासून आहे, चार आठवडे निवासी, तोही फुकट, त्यात नाटक आहे. पण त्यासाठी शाळेतल्या शिक्षकांनी नाव सुचवावं लागतं आणि ते सगळं आदल्या शरद ऋतूत सुरू होतं, म्हणजे शाळा उघडून जेमतेम दोन महिने झालेले असतात तेव्हा. अटलांटाच्या वर अल्फारेटा, कमिंगकडे आपली मराठी मंडळी किती आहेत, आणि माझ्या ओळखीतल्या दोन घरांना हे मे महिन्यात कळलं. ड्रामा टीचरला आणि काउन्सेलरला सप्टेंबरमध्येच जाऊन विचारायला पाहिजे, मूल लाजत असेल तर आईने ईमेल टाकावी. कॅलिफोर्नियात कॅलिफोर्निया स्टेट समर स्कूल फॉर द आर्ट्स आहे, तिथे फी आहे पण राज्यातल्या मुलांना कमी आणि गरज असेल तर मदत. हे सगळीकडे नाही हे मात्र खरं. पेनसिल्व्हेनियाची कलेची गव्हर्नर्स स्कूल २००९ मध्ये राज्याने पैसे थांबवल्यावर बंद पडली. न्यू जर्सीत राहणाऱ्या आम्हाला पण तो रस्ता नाही, आम्ही दुसरीकडे बघतो.

दुसरीकडे म्हणजे जवळ. मिलबर्नला पेपर मिल प्लेहाऊस आहे, व्यावसायिक थिएटर, २०१६ साली त्यांना प्रादेशिक थिएटरचं टोनी, म्हणजे अमेरिकन रंगभूमीचं सगळ्यात मोठं बक्षीस, मिळालं. त्यांची उन्हाळ्यात म्युझिकल थिएटर कॉन्झर्व्हेटरी असते, ऑडिशन देऊन घेतात, शेवटी मुलं मुख्य रंगमंचावर कॉन्सर्ट करतात, ॲन हॅथवे इथलीच शिकलेली. फुकट नाही, पण रोज घरी येतंय पोर, होस्टेल नाही, विमान नाही, म्हणजे खर्चाचा मोठा भाग तिथेच गेला. पोहोचवायला-आणायला कोण जाणार हा भाग वेगळा, चार घरांनी कारपूल केलं की जमतं.

आणि एडिसनमध्ये राहणाऱ्या लोकांना मी हात जोडून सांगते, रूझवेल्ट पार्कमध्ये मिडलसेक्स काउंटीचं प्लेज-इन-द-पार्क १९६३ पासून चालू आहे. उघड्यावर, घरून खुर्ची घेऊन जायची, तिकीट किरकोळ, मोठमोठी म्युझिकल्स होतात. आपली माणसं त्याच पार्कात संध्याकाळी चालायला जातात आणि ते स्टेज कसलं आहे हे दहा दहा वर्षं माहीत नसतं. पोरांना आधी तिथे चार-पाच नाटकं दाखवा, मग कॅम्पचं बघा. सेंट लुईसला म्युनी म्हणून याहून कितीतरी मोठं आहे, १९१९ पासून, जवळपास अकरा हजार लोक बसतात आणि मागच्या दीड हजाराच्या आसपास जागा दर प्रयोगाला फुकट असतात. तिथे किशोरवयीन मुलांना ऑडिशन देऊन त्या प्रयोगांतच घेतात. न्यूयॉर्क शहरात राहणाऱ्यांची तर चैनच आहे. टाडा यूथ थिएटर १९८४ पासून आहे, त्यांच्या नाटक मंडळीत निवड झाली की फी नाही. रोझीज थिएटर किड्स ही संस्था २००३ पासून सरकारी शाळांतल्या मुलांना फुकट शिकवते.

यातलं काही जवळ नसेल तर टाऊनचं रिक्रिएशन डिपार्टमेंट, नाहीतर कम्युनिटी थिएटर. उन्हाळ्यात टीन प्रॉडक्शन म्हणून सहा-सात आठवड्यांत एक अख्खं म्युझिकल बसवतात, काहीशे डॉलरमध्ये काम होतं. ते तरी पैसे का घेतात असं बाबांनी विचारलं होतं, तर म्युझिकलचे हक्क भाड्याने घ्यावे लागतात, प्रत्येक प्रयोगाचे पैसे, संहितेच्या प्रती आणि वाद्यांचे रेकॉर्डेड ट्रॅक पण भाड्याने, वर नाच बसवणारा, संगीत बसवणारा, हॉल. फी त्यातच जाते. फक्त इथे पण विचारून घ्या, कारण कपड्यांची फी वेगळी, स्मरणिकेत जाहिरात आणायची सक्ती वेगळी, आणि पालकांचे व्हॉलंटियर तास असतात, त्यासाठी आधीच एक चेक घेऊन ठेवतात आणि तास भरले नाहीत की तो वटवतात. शिवाय स्वतःच्या पोराचा प्रयोग बघायला तिकीट. आजी-आजोबा आलेले असले तर पाच तिकिटं गुणिले तीन प्रयोग, कारण आजी एका प्रयोगावर थांबत नाही.

एक आकडेमोड टॅक्सची, कारण दर वर्षी कोणीतरी ती चुकीची सांगतं. डे कॅम्पची फी चाइल्ड केअरच्या क्रेडिटमध्ये, म्हणजे मूल सांभाळण्याच्या खर्चावर टॅक्समध्ये मिळणाऱ्या सवलतीत, धरता येते हे बरोबर आहे, पण मूल तेरा वर्षांच्या आतलं असेल तर. हायस्कूलच्या मुलासाठी एरवी विषयच नाही, आणि रात्री राहण्याचा कॅम्प तर कुठल्याच वयाला धरता येत नाही. त्या हिशोबावर कोणी महागडं बुकिंग करू नये.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आपल्या घरातली मुलं या क्षेत्रात जाताना घरून काहीतरी घेऊन आलेली असतात आणि काहीतरी नसतंच, आणि कॅम्प निवडताना हे कोणीच बघत नाही. बहुतेकांनी सात-आठ वर्षांपासून हिंदुस्थानी गाणं केलेलं असतं, मुलींचं कथक नाहीतर भरतनाट्यम असतं. सूर पक्का, ताल पक्का. पण गाणं नेहमी एकट्याने गायलेलं असतं, शेजारचा वेगळ्या स्वरात गातोय आणि तरी आपण आपल्या ओळीवर टिकून राहायचं याची सवयच नसते, हार्मनीत पोर हळूच घसरून शेजारच्या स्वरावर जाते. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेले पाश्चात्य स्वर, समोर ठेवून पहिल्याच नजरेत गायला सांगितलं की गप्प. ऑडिशनला सोळा बार (बार म्हणजे तालाचा एक छोटा खंड) गायचे असतात, म्हणजे अर्धं मिनिट, आणि आपल्याला तर बसून राग उलगडायची सवय. पियानोवाला दोन बार वाजवतो की लगेच उचलायचं, आपली पट्टी काळी चार की काळी पाच हे तिथे कोणी विचारत नाही, कागदावर जे छापलंय ते. नाचाचं पण तेच, कथकच्या मुलीला टॅपचे पाय लवकर येतात असं आमच्या इथल्या डान्स टीचरचं म्हणणं आहे आणि ते खरंही दिसतं, पण डान्स कॉलला, म्हणजे नाचाच्या ऑडिशनला, दहा मिनिटांत आठ आठच्या मोजणीत एक तुकडा शिकवतात आणि अकराव्या मिनिटाला चार चारच्या घोळक्याने करून दाखवायचा, तिथे दहा वर्षांची तालीम एकदम उपयोगी पडत नाही.

बाबांना वाटतं गाणं येतंय, बोलणं येतंय, संगीत नाटक आपल्या रक्तात आहे, मग अडतंय कुठे. किर्लोस्करांपासून म्हणजे १८८० पासूनची परंपरा आहे हे कबूल, पण त्या परंपरेत नटाने पद आळवायचं, वन्समोअर घ्यायचे, गोष्ट तेवढा वेळ थांबली तरी चालतं, बालगंधर्वांसाठी लोक रात्रभर बसायचे. इथे गाणं संपलं की पात्र दुसऱ्या ठिकाणी पोचलेलं पाहिजे, आणि ऑर्केस्ट्रा तुमच्यासाठी थांबणार नाही. दोन्ही आवडणाऱ्या पोराला हा फरक समजावून सांगणारा गुरू मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण तो दहा हजार डॉलरच्या कॅम्पमध्ये असेलच असं नाही.

म्हणून मी तर सांगेन, ज्या मुलाला हार्मनी आणि वाचन येत नाही त्याने वर्षभर शाळेच्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या वर्गात, जावं, ते फुकट आहे. उन्हाळ्यात काउंटी कॉलेजमध्ये म्युझिक थिअरीचा एखादा कोर्स, हायस्कूलच्या मुलांना बऱ्याच ठिकाणी घेतात. नाचाच्या स्टुडिओत एकेका क्लासचे पैसे देऊन जॅझ नाहीतर टॅप, आठवड्यात दोनदा. आणि वर टाऊनचं नाटक. चार गोष्टी मिळून महागड्या कॅम्पच्या एका आठवड्याएवढे पण पैसे होत नाहीत, आणि पोर घरचं जेवतं.

मुलं सोळाची झाली की अजून एक करता येतं, लहान मुलांच्या थिएटर कॅम्पला ज्युनियर काउन्सेलर म्हणून काम. न्यू जर्सीत अठराच्या आतल्यांना वर्किंग पेपर्स लागतात तेवढे वेळेत करायचे. दिवसभर आठ वर्षांच्या तीस पोरांना नाच शिकवायचा आणि संध्याकाळी स्वतःच्या तालमीला जायचं, थोडा पगार पण मिळतो. दुसऱ्याला शिकवताना पोरगी जेवढं शिकते तेवढं कुठल्या मास्टरक्लासमध्ये शिकत नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने असं काम करताना लाइट बोर्ड शिकून घेतला, आता तो लाइटिंगकडेच वळलाय, आई जरा नाराज आहे, पण ते जाऊ दे.

ज्यांना तरीही मोठ्याच ठिकाणी पाठवायचंय, आणि पैसे असतील तर जरूर पाठवा, त्यांनी निदान दोन गोष्टी बघाव्यात. एक, आर्थिक मदत. इंटरलॉकनसारख्या ठिकाणी गरजेप्रमाणे मदत असते, आणि आपल्या लोकांना फॉर्म भरायला उगाच कमीपणा वाटतो. टॅक्स रिटर्न जोडून जानेवारीत फॉर्म टाकला तर निदान विचार होतो, एप्रिलमध्ये पैसे संपलेले असतात. दुसरं, आवाज. पंधरा-सोळाच्या वयात आवाज अजून बसत असतो, मुलग्यांचा तर नक्कीच. दिवसात किती तास गायचं, मध्ये आवाजाला विश्रांती आहे का, गळा बसला तर तरीही प्रयोगात ढकलतात का, हे विचारा. छातीतून जोरात गायचं, ज्याला बेल्टिंग म्हणतात, ते नीट न शिकवता तीन आठवडे रोज करून घेतलं तर घरी येईपर्यंत गळ्याचं वाटोळं होतं, आणि मग ऑगस्टमध्ये डॉक्टर. आणि निवासी कॅम्प अमेरिकन कॅम्प असोसिएशनने मान्य केलेला आहे का, हे तेवढं त्यांच्या साइटवर बघून घ्यायचं, दोन मिनिटांचं काम आहे.

डिपॉझिट बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही, तेव्हा ते भरण्याआधी बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन, चुलत बहिणीचं लग्न आणि भारताची तिकिटं या तिन्हीच्या तारखा एकदा कॅलेंडरवर मांडा. दर उन्हाळ्यात कोणाच्या तरी घरी यावरून भांडण होतंच.

बाबांची एफडी तूर्त शाबूत आहे. त्यांना सांगितलंय की जुलैत इकडे या, नातीचं टाऊनचं नाटक बघा, तिकीट तेवढं तुम्ही काढा.

आपली नम्र,
न्यू जर्सीतली एक वाचक

ता.क. पुण्या-मुंबईहून थेट मुलाला अशा कॅम्पला पाठवायचा विचार असेल तर दोन अडचणी आधीच बघा. इथले प्रोग्राम जूनच्या शेवटी ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत असतात आणि आपल्या राज्य बोर्डाच्या शाळा जूनमध्येच सुरू होतात, त्यामुळे ते आयबी वगैरे शाळांच्याच मुलांना जमतं. आणि कॉलेजचं क्रेडिट देणारा कोर्स असेल तर तो टुरिस्ट व्हिसावर करता येत नाही, त्याला स्टुडंट व्हिसा लागतो, त्यामुळे फी भरायच्या आधी प्रोग्रामवाल्यांकडून हे लेखी घ्या. मुंबईत पृथ्वी थिएटरच्या उन्हाळी कार्यशाळा आहेत, ऐन सुट्टीत असतात, आधी त्या करून बघायला काय हरकत आहे.